घराजवळील झाडांची मुळे आणि काळ्या जमिनीवरील घरांचे संरक्षण

आदिलाबाद जिल्ह्यात घराच्या अंगणात झाड असणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. उन्हाळ्यात येथील तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते, आणि अशा दिवसांत अंगणातील कडुनिंबाची किंवा चिंचेची सावली ही माणसांना व जनावरांना मोठा आधार असतो. दुसऱ्या बाजूस, अलीकडच्या काळात गावांच्या नव्या वस्त्यांमधून निराळीच तक्रार ऐकू येते. नवीन बांधलेल्या पक्क्या घराच्या भिंतीला तडा जातो, न्हाणीची फरशी उचलली जाते, सांडपाण्याचा नळ वारंवार तुंबतो आणि त्याचा दोष अंगणातील झाडाच्या माथी येतो. मग एके दिवशी झाडावर कुऱ्हाड चालते. पुष्कळदा झाड जाते, पण तडा राहतोच. क्वचित प्रसंगी तो झाड तोडल्यानंतर अधिक रुंदावतो.

सामान्य कुटुंबाची आयुष्यभराची शिल्लक घरात गुंतलेली असते, आणि वीस-तीस वर्षांचे झाड एकदा गेले की त्या पिढीला ते पुन्हा मिळत नाही. म्हणून या प्रश्नाचा निर्णय घाईने होऊ नये. झाडाच्या मुळांमुळे घराला अपाय नेमका कसा होतो, तो ओळखावा कसा व टाळावा कसा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पांढरी आणि काळी

गावाची वस्ती ज्या जागेवर असते तिला आपल्याकडे पांढरी म्हणतात आणि शेतीच्या जमिनीला काळी. हा भेद केवळ बोलण्यातला नाही. जुनी गावठाणे, ज्यांना तेलंगणात ग्रामकंठम् असे म्हणतात, ती बहुधा उंचवट्याच्या, पांढऱ्या मातीच्या किंवा मुरमाड जागेवर वसलेली आढळतात. काळी पिकासाठी राखायची आणि घर पांढरीवर बांधायचे, हा पूर्वजांचा अनुभवसिद्ध नियम होता.

लोकसंख्या वाढली तशी गावठाणे अपुरी पडली. घरकुले, शाळांच्या नव्या खोल्या, दवाखाने व दुकाने यांचे बांधकाम शेताच्या कडेला, म्हणजे काळीवर होऊ लागले. जिल्ह्याच्या उत्तर भागात, बेला, जैनथ, तामसी, भीमपूर या मंडलांत, कापसाची काळी जमीन मोठ्या प्रमाणावर आहे. पैनगंगेपलीकडील यवतमाळ जिल्ह्याच्या सीमावर्ती भागातही तीच जमीन पसरलेली आहे. जगभरच्या भूगोलाच्या पुस्तकांत या जमिनीस ‘रेगूर’ म्हणतात. तो शब्द तेलुगूतील ‘रेगड’ या शब्दावरून आला आहे.

या जमिनीचा विशेष असा की ती पाणी शोषून फुगते आणि वाळली की आकसते. तिच्यातील माँटमोरिलोनाइट वर्गाच्या चिकणमातीच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते व त्यांना एकमेकांपासून दूर सारते; पाणी निघून गेले की ते पुन्हा जवळ येतात. चैत्र-वैशाखात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात व पहिल्या पावसांनंतर त्या मिटतात, हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि उन्हाळा अतिशय कडक असतो. त्यामुळे दरवर्षी ही जमीन वर-खाली होत असते. या हालचालीत घराचा एक कोपरा खचला व दुसरा जागेवर राहिला, की भिंत तडकते. जेथे झाड नाही तेथेही हे घडते. झाड या हालचालीत भर घालते, एवढेच त्याचे काम असते.

मुळांचा स्वभाव

झाड जेवढे उंच तेवढीच त्याची मुळे खोल, असा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात बहुतेक झाडांच्या मुळांचा मोठा भाग जमिनीच्या वरच्या ६० ते ९० सेंटिमीटर थरातच असतो, कारण हवा, ओल व अन्नद्रव्ये तेथे मिळतात. रोपावस्थेतील सोटमूळ पुढे अनेक जातींत मागे पडते आणि आडव्या मुळांचे जाळे वाढते. हे जाळे झाडाच्या फांद्यांच्या घेरापुरते मर्यादित नसते. मोकळी जमीन मिळाल्यास ते त्याच्या दोन ते तीन पट अंतरापर्यंत जाते. कोरड्या काळात मात्र काही मुळे ओलाव्याच्या शोधात अधिक खोल उतरतात.

मूळ दुरून पाणी ओळखून भिंत फोडते, हाही गैरसमज आहे. मुळाचे टोक कोवळे असते. ज्या बाजूस माती भुसभुशीत व ओलसर असेल त्या बाजूस ते वाढते, आणि जेथे घट्ट अडथळा येईल तेथे वळते. सुस्थितीतील काँक्रीट, न गळणारा नळ किंवा नीट दरजा भरलेले दगडकाम मूळ फोडू शकत नाही. परंतु आधीच पडलेली बारीक चीर, सैल झालेला सांधा किंवा झिरपणारी मोरी त्यास सापडली, तर केसाएवढे मूळ आत शिरते. आत पाणी व जागा मिळाली की ते जाड होते आणि जाड होताना चीर रुंदावते. म्हणून मुळाने केलेल्या नुकसानाच्या मागे बहुधा पाण्याची गळती आधीपासून असते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

नुकसानाचे तीन प्रकार

पहिला प्रकार जमीन सुकण्याचा होय. मोठे पानदार झाड उन्हाळ्याच्या दिवसांत शेकडो लिटरपर्यंत पाणी जमिनीतून ओढून पानांवाटे हवेत सोडते. मुरमाड किंवा वाळूमिश्रित जमिनीवर याचा घरास विशेष अपाय होत नाही. काळ्या जमिनीत मात्र झाडाच्या बाजूची माती अधिक सुकते, आकसते आणि तेथील पाया खाली बसतो. इंग्लंडमध्ये १९७६ साली मोठा दुष्काळ पडला, तेव्हा चिकणमातीवर बांधलेल्या असंख्य घरांना याच कारणाने तडे गेले व झाडे आणि पाया यांच्या संबंधाचा पद्धतशीर अभ्यास तेथे जोराने सुरू झाला. काळ्या जमिनीत घर बांधणाऱ्यांस तोच धडा लागू पडतो.

दुसरा प्रकार नळ, गटारे, शोषखड्डे व शौचालयांचे खड्डे यांच्या बाबतीत आढळतो. दोन खड्ड्यांच्या शौचालयात पाणी मुरावे म्हणून खड्ड्यांचे वीटकाम मुद्दाम जाळीदार ठेवलेले असते. ओलावा व खत दोन्ही तेथे असल्याने जवळच्या झाडाची मुळे त्या जाळीतून आत येतात आणि काही वर्षांत खड्ड्यात मुळांचा गुंता होतो. मातीच्या नळांचे सांधेही असेच मुळांनी भरतात.

तिसरा प्रकार प्रत्यक्ष रेटा देण्याचा व भिंतीवर उगवण्याचा. झाडाचा बुंधा व त्यालगतची जाड मुळे वाढत जाऊन कुंपणाची भिंत, पायरी, अंगणातील फरशी, सिमेंटचा रस्ता यांसारखी हलकी बांधकामे उचलतात किंवा कलंडवतात. घराच्या वजनदार भिंतीस असा रेटा सहसा हलवू शकत नाही. वड, पिंपळ, उंबर व पिंपरण या झाडांची गोष्ट निराळी आहे. ती जमिनीऐवजी भिंतीतच जन्म घेऊ शकतात. त्यांचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

तडा कसा वाचावा

झाडावर निर्णय देण्यापूर्वी तड्याची तपासणी करावी. यासाठी महागडी साधने लागत नाहीत.

तड्याची जागा व आकार प्रथम पाहावा. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला, विटांच्या थरांवरून पायऱ्यांसारखा चढत जाणारा, वर रुंद व खाली अरुंद असा तडा असेल, तर भिंतीचा त्या बाजूचा कोपरा खचत आहे असे समजावे. गिलाव्यावर जाळ्यासारख्या पसरलेल्या केसाएवढ्या भेगा बहुधा गिलाव्याच्याच असतात. त्यांचा पायाशी किंवा झाडाशी संबंध नसतो.

दुसरी गोष्ट ऋतूची. तड्याच्या दोन्ही बाजूंस पेन्सिलीने खूण करून मधले अंतर मोजावे व तारखेसह वहीत लिहावे. तड्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवून ठेवली, तर थोडीशी हालचाल होताच ती तडकते. असे मोजमाप दरमहा, निदान एक वर्षभर करावे. तडा उन्हाळ्यात रुंदावत असेल व पावसाळ्यात मिटत असेल, तर तो जमिनीच्या आकसण्या-फुगण्याचा परिणाम आहे. तो वर्षभर एकाच गतीने वाढत असेल, तर गळती, कच्चा भराव किंवा सदोष बांधकाम यांचा शोध घ्यावा. तडा फार झपाट्याने रुंदावत असेल, भिंत झुकली असेल किंवा छताचा आधार सुटत असेल, तर वर्षभर वाट न पाहता खोली रिकामी करून अभियंत्यास पाचारण करावे.

तिसरी गोष्ट पाण्याची. न्हाणीचे पाणी कोठे जाते, पन्हळीचे पाणी कोठे पडते, पाण्याच्या टाकीखाली ओल आहे काय, नळाचा जोड झिरपतो काय, हे पाहावे. घराचा एक कोपरा सतत ओला आणि दुसरा कोरडा असेल, तर झाड नसतानाही भिंत तडकेल. शेवटी, पायालगत खोडापासून दूरच्या अंतरावर एक लहान खड्डा खणून तेथे मुळे खरोखर आहेत की नाहीत याची खात्री करून घ्यावी. पायाच्या खाली मात्र खणू नये.

झाड तोडण्यापूर्वी

झाड आधीचे की घर आधीचे, हा येथे सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

घर आधीचे असून झाड नंतर लावलेले असेल, तर झाडाने सुकवलेली जमीन झाड काढल्यावर हळूहळू पूर्वीच्या ओलीवर येते आणि पाया बहुतांशी मूळच्या पातळीकडे परततो. येथे झाड काढण्याचा धोका कमी असतो. परंतु झाड जुने असून घर त्याच्या शेजारी नंतर बांधले असेल, तर पाया घातला तेव्हाच तेथील जमीन झाडामुळे सुकलेली व आकसलेली होती. असे झाड एकाएकी तोडले की पाणी ओढणारे कोणी उरत नाही. जमिनीत ओल साठते, ती फुगते आणि घरास खालून वर रेटते. ही क्रिया काही महिन्यांत संपत नाही, कित्येक वर्षे चालू शकते. झाड तोडल्यावर तडा अधिक रुंदावतो तो यामुळे. अशा ठिकाणी अभियंत्याचा सल्ला घेतल्यावाचून झाडास हात लावू नये.

कायद्याचाही विचार आवश्यक आहे. तेलंगणात पाणी, जमीन व वृक्ष यांच्या संरक्षणासाठी २००२ साली केलेला, ‘वॉल्टा’ या नावाने ओळखला जाणारा कायदा लागू आहे. महाराष्ट्रात वृक्षतोडीचे विनियमन करणारा १९६४ चा कायदा आणि नागरी क्षेत्रांसाठी १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. झाड आपल्या अंगणातील असले, तरी तोडण्यापूर्वी परवानगी लागते किंवा कसे याची चौकशी स्थानिक वन अथवा महसूल अधिकाऱ्यांकडे करावी. तड्याच्या मोजणीची वही अर्जासोबत दाखविल्यास अधिकाऱ्यांनाही निर्णय घेणे सोपे जाते.

झाड राखून करावयाचे उपाय

पहिला उपाय पाण्याचा. गळके नळ व मोऱ्या दुरुस्त कराव्यात. पन्हळीचे व न्हाणीचे पाणी पायाशी न मुरवता बंद नळाने किंवा बांधीव नालीने घरापासून दूर न्यावे. शोषखड्डा घराच्या पायाजवळ नसावा. घराच्या चारही बाजूंनी जोत्यालगत किमान एक मीटर रुंदीची, बाहेरच्या बाजूस उतार दिलेली फरसबंदी करावी, म्हणजे पायाखालच्या मातीतील ओल फारशी कमी-जास्त होत नाही.

दुसरा उपाय फांद्यांच्या छाटणीचा. पाने कमी झाली की झाड पाणीही कमी ओढते. मात्र एकदाच बोडके केलेले झाड पुन्हा भरघोस पालवते व पहिल्याएवढेच पाणी घेऊ लागते; म्हणून दर दोन-तीन वर्षांनी माफक छाटणी चालू ठेवावी लागते.

तिसरा उपाय मुळांना आड घालण्याचा. घर व झाड यांच्यामध्ये, पायापासून निदान एक मीटर अंतर सोडून, सुमारे ९० सेंटिमीटर खोल चर खणावा. त्यात जाड प्लॅस्टिकची न फाटणारी पट्टी उभी बसवून तिची कड जमिनीच्या किंचित वर राहील अशी माती दाबून भरावी. अशा आडोशाने वरच्या थरातील मुळे घराकडून वळतात. खोल काळ्या जमिनीत काही मुळे त्याखालून जाऊ शकतात, म्हणून या उपायावर पूर्णपणे विसंबू नये.

चर खणताना मुळे कापावी लागतात, आणि येथे निष्काळजीपणा जिवावर बेतू शकतो. ज्या मुळांवर झाड उभे असते ती कापली गेली, तर पुढच्या वळवाच्या वादळात तेच झाड घरावर कोसळते. यासाठी एक सोपा हिशेब आहे. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजून त्यास ३.१४ ने भागावे, म्हणजे व्यास मिळतो. व्यासाच्या बारा पट त्रिज्येचा भाग हा झाडाच्या मुळांचा संरक्षित भाग मानतात. उदाहरणार्थ, घेर ९४ सेंटिमीटर असेल तर व्यास ३० सेंटिमीटर येतो आणि संरक्षित भाग खोडापासून ३.६ मीटरपर्यंत होतो. शक्यतो या भागाबाहेरच चर काढावा. व्यासाच्या तिपटीच्या आत, म्हणजे या उदाहरणात ९० सेंटिमीटरच्या आत, मूळ कधीही कापू नये. मनगटाएवढे जाड मूळ आढळल्यास काम थांबवून जाणकारास दाखवावे. मुळे कुऱ्हाडीने ठेचण्याऐवजी करवतीने साफ कापावीत, झाडाच्या एकाच बाजूस कापावीत आणि हे काम पावसाळा संपता संपता, जमिनीत ओल असताना व वादळी वारे ओसरल्यावर करावे.

भिंतीवरील पिंपळ

पिंपळ, वड व उंबर यांची फळे पक्षी आवडीने खातात. त्यांच्या विष्ठेतून बारीक बिया छपराच्या कडेला, भिंतीच्या फटीत, विहिरीच्या बांधकामात किंवा पाण्याच्या टाकीवर पडतात व जेथे ओल असेल तेथे रुजतात. माहूरच्या किल्ल्यासारख्या जुन्या बांधकामांवर, गावांच्या वेशींवर व बांधीव विहिरींत हा प्रकार सहज पाहावयास मिळतो. रोपाची मुळे चुन्याच्या दर्जांतून आत जातात आणि जाड होताना दगड एकमेकांपासून सोडवतात.

रोप बोटाएवढे असतानाच काढणे हा खरा उपाय होय. पावसाळ्यात भिंत ओली असताना ते मुळासकट सहज निघते. मूळ आत तुटून राहिले, तर पुढच्या वर्षी तेथूनच फुटवा येतो. रोप निघाल्यावर फट स्वच्छ करून बुजवावी; जुन्या चुन्याच्या बांधकामात चुनाच वापरावा, कडक सिमेंट नव्हे. ज्या ओलीमुळे रोप रुजले ती ओल बंद करावी. पिंपळ उपटण्यास अनेकांचे मन धजत नाही. अशा वेळी काढलेले रोप मुळासह गावाच्या पारावर, नदीकाठी किंवा गायरानात लावावे. भावनाही राखली जाते व भिंतही.

मुळांवर मीठ, तेजाब किंवा डिझेल ओतण्याची चाल काही ठिकाणी आहे, ती सोडावी. मिठाने विटा व चुना खिळखिळे होतात, तेजाब चुना विरघळवते आणि डिझेल विहिरीच्या पाण्यात उतरते. तणनाशकाचा वापर कृषी अधिकाऱ्यांच्या सल्ल्यावाचून करू नये.

झाड मोठे होऊन त्याची मुळे भिंतीभोवती गुंडाळली गेली असतील, तर ते ओढून काढू नये. अशा अवस्थेत मुळेच भिंतीचे दगड धरून ठेवत असतात. कंबोडियातील ता प्रोम या प्राचीन मंदिरावर प्रचंड वृक्ष वाढले आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग तेथे अनेक वर्षे जीर्णोद्धाराचे काम करीत आहे. तेथे झाडे सरसकट न तोडता त्यांना व भिंतींना आधार देण्याचे धोरण ठेवलेले आहे. संरक्षित स्मारकांवरील झाडास ग्रामस्थांनी स्वतः हात न लावता संबंधित पुरातत्त्व विभागास कळवावे.

नवीन घर आणि नवीन झाड

काळीवर घर बांधावयाचे असेल तर पायाचाच विचार आधी करावा. पायाच्या चरात व जोत्यात मुरूम भरण्याची गवंड्यांची रीत जुनी आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी काळ्या जमिनीवर दीर्घ संशोधन करून न फुगणाऱ्या चिकट मातीचा पुरेसा जाड थर घातल्यास खालच्या काळ्या मातीचा फुगवटा आटोक्यात राहतो, हे दाखवून दिले. रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी फुगीर केलेल्या खांबांचा पाया काळ्या जमिनीसाठी विकसित केला. खोल काळ्या जमिनीत हे खांब साधारणतः ३.५ मीटर खोल, म्हणजे ऋतूंप्रमाणे हालणाऱ्या थराच्या खाली नेतात. घरकुलाचा नकाशा करतानाच अंगणात झाड आहे की नाही, ते किती मोठे होणार आहे, हे अभियंत्यास सांगावे.

झाड लावताना त्याच्या आजच्या उंचीऐवजी पूर्ण वाढीची उंची ध्यानात घ्यावी. काळ्या जमिनीत मोठ्या झाडाचे घरापासूनचे अंतर त्याच्या पूर्ण वाढीच्या उंचीएवढे असावे, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. वड, पिंपळ, उंबर, चिंच, वर्षावृक्ष व निलगिरी यांस लहान आवारात जागा देऊ नये; ती गावाच्या मोकळ्या जागेत, तलावाच्या काठी व रस्त्याकडेला शोभतात. महबूबनगरजवळील पिल्ललमर्री हा वटवृक्ष सुमारे तीन एकरांवर पसरला आहे. वडास किती जागा लागते हे त्यावरून कळावे. कडुनिंब व आंबा आवाराच्या दूरच्या कडेस लावावेत. सीताफळ, डाळिंब, लिंबू, पेरू, कढीपत्ता, पारिजातक ही लहान झाडे तीन-चार मीटरांवर चालतात. पश्चिमेच्या बाजूस त्यांची रांग असल्यास दुपारचे ऊन भिंतीवर येत नाही.

झटपट हिरवळ देणाऱ्या परदेशी जातींबाबत सावध राहावे. कोनोकार्पस या झाडाची लागवड अनेक राज्यांत शोभेसाठी झाली. गुजरात राज्याने २०२३ साली त्यावर बंदी घातली, आणि त्याची मुळे दळणवळणाच्या तारा, गटारे व पाणीपुरवठ्याच्या नळांना अपाय करतात हे त्यामागील एक कारण होते.

ग्रामपंचायत व शाळा यांचे कार्य

तेलंगणात २०१५ साली ‘हरित हारम’ कार्यक्रम सुरू झाला आणि रस्त्यांच्या कडेला, शाळांच्या व घरांच्या आवारांत मोठ्या प्रमाणावर लागवड झाली. त्या वेळची रोपे आता वृक्ष होत आहेत. ती कोठे घराच्या, शाळेच्या किंवा नळाच्या फार जवळ आहेत याची पाहणी ग्रामपंचायतीने आताच केली, तर पुष्कळ ठिकाणी नळाची दुरुस्ती, छाटणी किंवा मुळांचा आडोसा एवढ्यावर काम भागेल.

शाळांना हा विषय प्रत्यक्ष पाठ म्हणून घेता येईल. काळी माती व मुरमाड माती स्वतंत्रपणे भिजवून, मळून प्रत्येकीची २० सेंटिमीटर लांबीची वळकटी करावी व सावलीत वाळवावी. आठवड्याने दोन्ही मोजल्या असता कोणती माती किती आकसली हे विद्यार्थ्यांस स्वतः दिसेल. घरांना तडे का जातात हे त्यांना निराळे सांगावे लागणार नाही. त्याचबरोबर आवारातील प्रत्येक झाडाचे नाव, घेर व इमारतीपासूनचे अंतर यांची नोंदवही वरच्या वर्गांनी ठेवावी आणि भिंतीच्या तड्यांची दरमहा मोजणी करावी. काही वर्षांत अशी वही गावाच्या अभियंत्यासही उपयोगी पडेल.

सारांश, तडा दिसताच प्रथम पाणी तपासावे, नंतर जमीन, आणि शेवटी झाड. गळती थांबवणे, पायाभोवती फरसबंदी करणे व भिंतीवरील रोप वेळीच काढणे ही कामे अल्प खर्चात प्रत्येकास करता येण्यासारखी आहेत. एवढे करूनही हालचाल थांबत नसेल, तर वर्षभराची नोंद घेऊन अभियंत्याकडे व वनाधिकाऱ्यांकडे जावे. तोडणे अपरिहार्य ठरलेच, तर गावाच्या मोकळ्या जागेत तशाच जातीची दोन झाडे आधी लावून मगच कुऱ्हाड उचलावी.